पलीकडून उघडणारं दार

४ तारीख, सकाळ

ज्या क्षणी मी त्या दाराखाली पाचर ठोकली, त्या क्षणी सगळं बदललं. त्याआधी आपण जिंकलो होतो. शाळेच्या तळघरात जिंकलो, बंद पडलेल्या थिएटरात जिंकलो, दवाखान्याच्या जिन्यावर तर तू एकटीच जिंकलीस आणि मी खाली उभा राहून नुसता बोंबलत होतो. आपल्या मास्तरांचा, वॉचमनचा, एकदा तर माझाच चेहरा उसना घेऊन फिरणारा तो उसन्या! शेवटी तू त्याला काकांच्या सुतारकामाच्या गोदामात नुसत्या चौकटीत उभ्या असलेल्या त्या एकट्या दारातून पलीकडे खेचून नेलंस आणि सूर्य बुडेपर्यंत तिकडेच धरून ठेवलंस. दार मिटत आलं होतं. बोटभर फट राहिली होती. मी दाराचीच खालची पट्टी उचकटली, तिचा तुकडा फटीत घातला आणि वर हातोडी हाणली.

लोक म्हणतील, पोरगं घाबरलं. घाबरलो नव्हतो. मला आतून तुझा श्वास ऐकू येत होता, तो ऐकू येणं बंद होणार होतं, एवढंच.

तिकडे एक संध्याकाळ काढली की माणूस तिकडचं होतं, हे मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तू उंबरठ्याकडे पाय टाकलास आणि पाय उंबरठ्यावर आलाच नाही, हे मी फटीतून बघितलंय. मला शिकवू नकोस.

काल दुपारी फटीतून रंध्याची साल बाहेर आली. पातळ, गुंडाळलेली, आणि तिच्यावर पेन्सिलीने तुझं अक्षर. ‘भडक्या, पाचर काढ.’ इतके दिवस वाट बघितली आणि तीन शब्द आले, त्यातली एक शिवी.

नाही काढणार. मी तुला काहीतरी विचारलं होतं, आठवतंय? तू उत्तर दिलं नाहीस. कॉलेज सोडून आलो तेव्हा तू म्हणालीस, “माझ्यासाठी सोडलं असं कोणाला सांगशील तर बघ, तुझं ओझं माझ्या डोक्यावर नको.” आणि महिनाभर बोलली नाहीस. पुढे तीन वर्षं मी काकांच्या गोदामात तुझ्या शेजारी सुतारकाम शिकत राहिलो. मग उसन्या परत आला, आणि तू गेलीस. हा कुठला न्याय? आधी उत्तर, मग पाचर.

तुझा (तू म्हण, न म्हण)
भडक्या


९ तारीख, दुपार उलटल्यावर

पुन्हा तेच. ‘भडक्या, पाचर काढ.’ दुसरं काही सुचत नाही का तुला?

आता ऐक. तुझ्यापासून लपवणार होतो, पण तू फटीशी कान लावून बसतेस, म्हणजे ऐकलंच असशील. फटीतून माणसं येतात. भर दुपारी, लोक जेवून जरा लवंडतात तेव्हा. पहिल्यांदा मला वाटलं, गोदामातून वारा गेला. मग शिंप्याच्या दुकानात बघितलं तर त्याची गेलेली बायको मशीनपाशी बसून दोऱ्याचं टोक ओठात ओलं करत होती. शिंपी तिच्याकडे बघत हसत होता. गिऱ्हाईक दारात उभं, आणि हा हसतोय.

आता गल्लीत घराघरांत कोणी ना कोणी आलेलं आहे. दुपारी येतात, दिवेलागणीला जातात. भीती कोणालाच वाटत नाही. उलट गल्ली इतकी आनंदात मी कधी बघितली नव्हती. फक्त दुपारी दुकानं उघडत नाहीत. आणि हळूहळू सकाळीही उघडेनाशी झालीत, कारण सगळे दुपारची वाट बघत बसतात.

काकांकडे त्यांना सुतारकी शिकवून कधीच वारलेला उस्ताद येतो. हो, तोच, ज्याच्या नावाने काका अजून कान पकडतात. स्टुलावर बसतो, काकांनी केलेलं काम हातात घेतो आणि म्हणतो, “सांधा ढिला आहे.” काका म्हातारे झाले, पण शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून ऐकतात आणि रात्री मला सांगतात, “किती वर्षांनी कोणी रागावलं रे मला!”

आणि तुझ्या घरी तुझे गेलेले बाबा येतात. तुझी आई, सगळ्या गल्लीची मावशी, त्यांच्यासमोर चहा ठेवते. ते म्हणतात, “साखर कमी आहे.” ती साखर घालते. चहा तसाच निवतो. ती स्वतः काही खात नाही. परवा मी हाक मारली तर तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं रेल्वेत आपल्या जागेवर बसलेल्या माणसाकडे बघतात.

उसन्या जिवंत माणसांचेच चेहरे घ्यायचा. मेलेल्यांना त्याने कधी हात लावला नाही. म्हणून मी म्हणतो, हे खरेच आहेत. दार उघडं राहिलं तर बिघडलं कुठे? तुझे बाबा येऊ शकतात तर एक दिवस तूही येशील.

असं मी म्हणतो. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, तेव्हा लिहू नकोस.


१२ तारीख, दुपार

पाचर निघत नाही.

हो, काढायला गेलो होतो. हसू नकोस. काय झालं ते सांगतो, क्रमाने, कारण माझं डोकं ठिकाणावर नाही.

काल काकांनी उस्तादच्या हातात फळी दिली. नुसती, अखंड. झाडातून जशी निघाली तशी. त्यांनी हे मुद्दाम केलं का, मला माहीत नाही. उस्तादने ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, “सांधा ढिला आहे.”

“सांधाच नाहीये, उस्ताद,” काका म्हणाले.

“सांधा ढिला आहे.”

काकांनी फळी बाजूला ठेवली. मग त्यांनी त्याला पाण्याचा पेला दिला. उस्तादने पेला उलटापालटा केला, पाणी त्याच्या मांडीवर सांडलं, मांडी ओली झाली नाही. “सांधा ढिला आहे.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना असं रडकुंडीला आलेलं कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, “माझ्या डोक्यात उस्तादचं जेवढं उरलंय, तेवढंच हा बोलतोय. एक अक्षर जास्त नाही. माझंच मला विकतोय.”

मी तसाच शिंप्याकडे धावलो. बायको दोरा ओला करत होती, सुई ओवत नव्हती. तुझ्या घरी धावलो. बाबा म्हणाले, “साखर कमी आहे.” कपात साखरेचा ढीग झाला होता, चहावर आलेला. मावशी अजून घालत होती.

उसन्याच आहे गं तो. सबंध बाहेर येता येत नाही म्हणून तुकड्या-तुकड्यांनी येतोय. जिवंतांचे चेहरे घेतले की आपण ओळखायचो, म्हणून त्याने आता अशांचे घेतले ज्यांच्याकडे कोणी संशयाने बघतच नाही. आणि बसल्या जागी माणसं वाळत चालली आहेत. शिंप्याची मनगटं बघ. मावशीची बघ.

मग काका आणि मी पाचरीला भिडलो. हातोडी, पटाशी, पहार, सगळं झालं. हलेना. काकांनी वाकून नीट बघितलं आणि विचारलं, “हे लाकूड कुठलं?”

“दाराचंच. खालची पट्टी.”

काका जमिनीवर बसले. “अरे गाढवा! तीन वर्षं या गोदामात काढलीस आणि एवढं शिकला नाहीस? दाराला दुसऱ्या लाकडाची पाचर मारायची, ती मागितली की परत येते. त्याच्याच लाकडाची मारलीस तर दार म्हणतं, माझं हरवलेलं परत आलं. फुगतं, धरून ठेवतं. ती पोरगी इथे असती तर तिने तुझा हात मोडला असता.”

बरोबर आहे त्यांचं. तुझ्या हाताला रंधा ऐकतो, माझ्या हाताला हातोडीसुद्धा उलटून बोलते, हे त्यांचंच वाक्य.

आता एकच मार्ग आहे म्हणतात. दार चौकटीतून उतरवायचं, पाचर कापून काढायची, कड रंधून पुन्हा बसवायचं. पण दार पलीकडे उघडतं. ज्या बाजूला दार उघडतं, त्या बाजूला बिजागऱ्यांच्या खिळी. म्हणजे त्या काढणार तू. आणि एकटीने काढल्यास तर ते धूड तुझ्याच अंगावर येईल. खालून धरायला माणूस पाहिजे. काकांचे गुडघे गेलेत.

फट आपल्या बाजूने ढकलली की अंगापुरती होते, तिकडून नाही; पाचर मिटू देत नाही एवढंच. मी येतोय. दुपारीच, कारण दुपारी तो घराघरांत वाटला गेलेला असतो आणि दाराशी कोणी नसतं. अंधार पडायच्या आत परत यावं लागेल, हेही माहीत आहे.

तिकडे थंडी असते का?


१५ तारीख, सकाळ

तुझी साल मिळाली. ‘ये. काम हातात घेऊन बोलू.’

रात्रभर ती हातात धरून बसलो आणि पहाटे लक्षात आलं. ‘पाचर काढ’ हे तू जाताना ओरडली होतीसच. ‘काम हातात घेऊन बोलू’ हे तर तू रोज म्हणायचीस, मी काही बोलायला आलो की पहिलं वाक्य तेच. म्हणजे आजवर फटीतून आलेला एकही शब्द असा नाही जो माझ्याकडे आधी नव्हता.

तू तूच आहेस ना?

हे विचारताना माझी जीभ का झडली नाही, मला माहीत नाही. पण दार उतरवलं की काही वेळ ते भगदाड सताड उघडं राहणार, आणि पलीकडे तुझ्या चेहऱ्याने दुसराच कोणी उभा असला तर अख्खी गल्ली गेली. काका म्हणाले, “मग नको जाऊस.” मी म्हणालो, “मग मावशी?” त्यावर ते पटाशीला धार लावायला बसले.

मावशीकडे जाऊन आलो. सकाळ होती, बाबा आलेले नव्हते. ती धुतलेला कप पुन्हा धूत होती.

म्हटलं, “मावशी, दुपारी तुझ्याकडे येतात ते...”

“ते नाहीत,” ती म्हणाली. “मला काय सांगतोस? बत्तीस वर्षं संसार केलाय. या माणसाने घरात आल्यावर एकदा तरी पंखा मोठा कर म्हटलं नसतं का? पोरगी कुठेय, असं एकदा तरी विचारलं नसतं का?”

“मग बसतेस कशाला त्याच्यासमोर?”

“तुला नाही कळायचं.” मग कप पुसत म्हणाली, “कळेल तुलाच. दुसऱ्या कोणाला नाही कळलं तरी.”

मी तिला सगळं सांगितलं. दार मिटलं की दुपारचं कोणी येणार नाही. आणि तू तिकडे आहेस, ते दार मिटल्यावर तुझाही श्वास ऐकू यायचा नाही. तिने ऐकून घेतलं. रडेल वाटलं, रडली नाही. विचारलं, “तिने काय म्हटलंय?”

“पाचर काढ म्हणते.”

“मग काढ. ती लहानपणापासून एकदाच सांगते.” थोड्या वेळाने म्हणाली, “भेटशील ना तिला? म्हणावं, तुझं कपाट मी उघडलेलं नाही. आणि म्हणावं, आई जेवते वेळेवर.”

मी मान हलवली, पण माझा चेहरा कधी गप्प बसला आहे? तिने माझ्याकडे बघितलं, उठली, डब्यातली शिळी भाकरी काढली आणि माझ्यासमोर उभ्याउभ्या खायला लागली. घास उतरत नव्हता. पाणी प्यायली, पुन्हा चावायला लागली. “खोटा निरोप नको,” एवढंच म्हणाली.

विका म्हणून काकांना सायकल देऊन टाकली. खोली आवरून ठेवली. तशीच, बरेच दिवस आवरायची होती.

उद्या मला नवीन काहीतरी सांग. काहीही चालेल. फक्त असं, जे माझ्या डोक्यात आधी नाही.


१६ तारीख, संध्याकाळ

हे पत्र तुला मिळणार नाही. दाराखाली आता फट नाही. मी बघितलं, कागदाची कडसुद्धा शिरत नाही. इतकं नेमकं कोणी बसवतं का?

आधी गल्लीचं सांगतो, कारण तू पहिलं तेच विचारलं असतंस. दार मिटलं तेव्हा ते सगळे गेले. ओरडले नाहीत, काही नाही. काचेवर फुंकलेली वाफ जाते तसे. शिंपी रस्त्यावर येऊन उभा राहिला आणि कोणाला काय विचारायचं हे न कळल्यासारखा पुन्हा आत गेला. मग मशीनचा आवाज आला. काकांनी एवढा वेळ घट्ट धरलेली फळी खाली ठेवली आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. मावशीकडे मी गेलो तेव्हा ती साखरेने भरलेला तो कप मोरीत ओतत होती.  प्रत्येकाचं माणूस दुसऱ्यांदा गेलं होतं, आणि या वेळी भेटायला यायला कोणी नव्हतं.

आता आपलं.

मी अंग चोरून फटीतून आत आलो. तिकडेही गोदामच होतं, पण डावं-उजवं उलटं आणि कुठे धुळीचा कण नाही. तू समोर होतीस.  आणि तू म्हणालीस, “बघत काय उभा राहिलास? खालून धर.”

धरलं. तुझी सावली पडत नव्हती, मी तिकडे बघायचं टाळलं. तू खालची खीळ आधी ठोकून वर काढलीस, मग मधली, मग वरची, आणि ते सगळं वजन माझ्या खांद्यावर आलं. आपण दार लाकडी घोडीवर आडवं टाकलं. भगदाडातून आपलं गोदाम लख्ख दिसत होतं. काका स्टुलाशी बसलेले, त्यांच्यासमोर उस्ताद, पाठमोरा. आणि उस्तादची मान हळूहळू आपल्याकडे वळायला लागली. खांदे तिथेच, नुसती मान.

“उस्ताद, हे बघा,” काका म्हणाले आणि त्यांनी त्याच्या हातात फळी दिली. मान परत फिरली. “सांधा ढिला आहे.” काकांनी दुसरी दिली. मग तिसरी. काका हसत होते का रडत होते, इतक्या लांबून कळलं नाही. “हे कसं वाटतं, उस्ताद? आणि हे?”

तू पटाशीने पाचर कापत होतीस. ती सबंध निघाली नाहीच, ढलप्या-ढलप्यांनी निघाली. मी म्हणालो, “आईचा निरोप आहे.” सांगितला. “जेवते?” तू मान वर न करता विचारलंस. “काल माझ्यासमोर जेवली,” मी म्हणालो. तुझी पटाशी अशी थांबली, की मला वाटलं, झालं, खात्री पटली, ही तूच. पण खात्री पटावी अशी इच्छा माणसाला असली की काय काय पटतं, हे मी गल्लीत बघितलेलं आहे.

मग तुझं लक्ष माझ्या पिशवीकडे गेलं.

“कपडे कशाला आणलेस?”

“थंडी असेल म्हणून.”

“भडक्या.”

“काका लावतील कडी,” मी म्हणालो. “मी विचारून ठेवलंय. काका बाहेरून कडी लावतील. मी राहतो.”

तू रंधा उचललास आणि कडेवरून फिरवायला लागलीस. “आणि इथे काय करशील?”

“तुझ्याजवळ राहीन.”

“म्हणजे बघत बसशील. आई बाबांना बघत बसते तसा.” रंधा चाललेलाच. “ऐक. तू विचारलं होतंस त्याचं उत्तर नाही असं आहे. तेव्हाही नाहीच होतं. मी गावच सोडून जाणार होते. बोटी बांधतात ना, त्या कारखान्यात मला शिकाऊ म्हणून घेतलं होतं. पुढच्या महिन्यात निघायचं होतं. आईलाही सांगितलं नव्हतं. तुला तर नाहीच, तू माझ्या मागे तिथे आला असतास आणि लाकडाच्या जागी स्वतःचा अंगठा कापला असतास.”

मला हसू आलं. खरंच सांगतो, गोदामभर ऐकू जाईल एवढं हसू आलं आणि मग मी घोडीवर डोकं टेकवून रडलो. कारण हे माझ्या डोक्यात नव्हतं. कुठल्याच कोपऱ्यात नव्हतं. माझ्याकडचं मलाच परत देणारा कोणी हे बोललाच नसता. तो ‘हो’ म्हणाला असता. तीन वर्षं मी स्वतःला जे ‘हो’ ऐकवत होतो, ते त्याने मला माझ्याच आवाजात दिलं असतं आणि मी त्याच्यासमोर बसून मरेपर्यंत वाळलो असतो. नाही म्हणणारी तू होतीस. तूच.

“बोटी?” मी डोळे पुसत विचारलं.

“बोटी. सगळी लाकडं वाकवायची असतात. सरळ कामाचा कंटाळा आला होता मला.”

“राग आलाय मला.”

“येऊ दे. धर, वरची बाजू.”

आपण दार उचललं. तू खिळी बसवल्यास, आधी वरची, मग मधली, मग खालची, आणि दार एकदा झुलवून बघितलंस. आवाज आला नाही. उजेड तिरपा व्हायला लागला होता. पलीकडे काकांच्या जवळच्या फळ्या संपत आल्या होत्या, त्यांनी उस्तादच्या हातात झाडू दिला होता.

“तू काय करशील मग इथे?” मी विचारलं.

“इथे दारं खूप आहेत. सगळी वाकडी बसवलीत. तो ज्या ज्या दारातून शिरतो ते ते नीट करत जाईन.” तू खिशातून पेन्सिल काढून कानावर खोवलीस. “कॉलेजला परत जा असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर तू मुद्दाम जाणार नाहीस.”

“नाही जाणार.”

“बघ.”

मी पिशवी उचलली. तुला हात लावावा असं वाटलं, पण लावला आणि हाताला काही लागलं नाही तर काय, म्हणून लावला नाही. मागे वळलो नाही असं लिहायला मला आवडलं असतं. उंबरठ्यावर वळलो. तू माझ्याकडे बघतच नव्हतीस. बोटाने दाराची कड तपासत होतीस.

“वर किंचित घासतंय का, बघ,” तू म्हणालीस.

मी दार थोडं ओढून बघितलं. “नाही घासत.”

“मग झालं.”

मी बाहेर आलो, मुठीला धरलं आणि दार ओढून घेतलं.